माजी विद्यार्थ्यांची मदत प्रवेशद्वारापाशीच का थांबते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आपण दरवर्षी ठळकपणे छापता. २०२४ साली विभागाचा निकाल ९९.०१ टक्के लागला, २०२५ साली ९८.८२ टक्के. अभिमान वाटावा असेच हे आकडे आहेत. पण ही मुले ज्या खेड्यापाड्यांतल्या हायस्कुलांतून पास होतात, त्यांतल्या बऱ्याच शाळांचा पट उतरत चालला आहे. पट उतरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरतात तेव्हा, शिक्षकाचे पद जाते, पद गेले की गणिताला किंवा इंग्रजीला माणूस उरत नाही, आणि मग उरलेले पालकही मुलाला तालुक्याच्या शाळेत घालतात. शाळा टिकवायची तर शाळेभोवतीची माणसे लागतात. कोकणात ती आहेत आणि देणारीही आहेत. ती कधी येतात, काय देतात आणि शाळेला नेमके काय लागते, यांचा मेळ बसत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडची कितीतरी माध्यमिक विद्यालये मुंबईकरांच्या वर्गणीतून उभी राहिली. वाडीवाडीची मुंबई मंडळे होती आणि पगारातून बाजूला काढलेले पैसे गावच्या शाळेसाठी येत. महर्षी कर्व्यांनी मुरुडकरांना जोडून उभारलेला ‘मुरुड फंड’ याच वाटेवरचा. ती वृत्ती आजही आटलेली नाही. मात्र चाकरमानी गावी येतो गणपतीत आणि मे महिन्यात, आणि दोन्ही वेळी शाळेला सुट्टी असते. शिमग्याला आला तरी पालखीच्या दिवसांत शाळेकडे पाय वळत नाही. शाळा भरलेली, वर्ग चालू असलेला त्याने शिकून गेल्यानंतर पाहिलेलाच नसतो. त्याला दिसते ती बंद इमारत. म्हणून देणगीही इमारतीच्या दर्शनी भागाला मिळते: प्रवेशद्वार, रंगमंच, नामफलक. जून ते एप्रिल शाळा चालवताना जे कमी पडते ते कोणी दाखवत नाही आणि कोणी विचारतही नाही.

यावर पहिला उपाय साधा आहे. माजी विद्यार्थ्यांची वार्षिक सभा गणपतीतच घ्यावी, पण दिवस नीट निवडावा. गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सभा ठेवली तर निम्मी माणसे आदल्या रात्रीच परतीच्या गाडीत बसलेली असतात. ऋषिपंचमीचा दुसरा दिवस, सकाळी दहा ते बारा, ही वेळ जमते. संध्याकाळ आरत्या-भजनांची असते. त्याच दिवशी गौरी येत असतील तर महिला येऊ शकणार नाहीत, तेव्हा सभा पंचमीच्या दुपारी घ्यावी. माजी विद्यार्थिनींना निरोप माहेरच्या नावाने जातो आणि त्या असतात सासरच्या गावी. त्यांची यादी वेगळी ठेवावी लागते, नाहीतर निम्मा माजी विद्यार्थीवर्ग कायमचा वगळला जातो.

सभेत भाषणांऐवजी एक कागद द्यावा. एका बाजूला गेल्या वर्षीचा जमाखर्च, दुसऱ्या बाजूला येत्या वर्षाच्या गरजा. प्रत्येक गरजेपुढे रक्कम, ती कोणत्या महिन्यात लागेल तो महिना आणि शाळेतली जबाबदार व्यक्ती. ‘शाळेला मदत करा’ म्हटले की लोक विचार करू म्हणतात. ‘प्रयोगशाळेची रसायने, जुलै, इतके रुपये’ असे लिहिले की कोणीतरी तिथेच हात वर करतो.

पैशाच्या बाबतीत सर्वांत जास्त घोटाळा होतो, आणि तो बहुधा चांगल्या हेतूनेच होतो. व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो, कोणा एकाच्या मोबाईल नंबरवर पैसे गोळा होतात, त्याच्या स्वतःच्या बचत खात्यात दोन लाख जमा होतात. पुढे हिशेब विचारणाऱ्याला राग येतो आणि देणाऱ्याला पावती मिळत नाही. पैसे संस्थेच्या किंवा नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघाच्या खात्यातच घ्यावेत, खात्यावर दोन सह्या असाव्यात, क्रमांकाची छापील पावती द्यावी. संघ नोंदवायला किमान सात सभासद लागतात. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, या दोन्हींखाली नोंदणी होते. नंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. हे सांभाळणारा माणूस नसेल तर वेगळा संघ काढूच नये, शाळेच्या संस्थेत स्वतंत्र खाते ठेवावे. नोंदणी करून पाच वर्षे हिशेब न भरलेला संघ शाळेच्या गळ्यातले लोढणे होतो.

देणगीदाराला प्राप्तिकरात ८० जी ची सवलत हवी असेल तर संस्थेकडे ती मान्यता हवी आणि देणाऱ्याचा पॅन हवा. २,००० रुपयांवरील रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, आणि नवीन करपद्धत निवडलेल्याला ती मुळातच नसते. हे आधी सांगितलेले बरे, म्हणजे मार्चमध्ये फोनाफोनी होत नाही.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांबद्दल तर गैरसमज फारच आहेत. मस्कत, दुबई, कुवेतला नोकरीला असलेला आपला मुलगा भारतीय नागरिकच असतो. त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय देणगी धरली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत फायलीला लावून ठेवावी. पण ज्याने अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे) असले आणि पैसे रुपयांत आले तरी, परकीय ठरते. त्यासाठी २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावी लागते. एका वर्गमित्राने प्रेमाने पाठवलेले पन्नास हजार गावच्या सहकारी बँकेत भरून घेतले, तर अडचणीत येते ती संस्था. अशा माजी विद्यार्थ्याचा वेळ घ्यावा: ऑनलाइन इंग्रजी संभाषण, मुलांच्या अर्जांना मदत. त्यासाठी या कायद्याखालची परवानगी लागत नाही.

आता प्रत्यक्ष गरजांकडे येऊ. कोकणात शाळेचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पाऊस आणि खारा वारा. कौलारू वर्गाची कौले मे महिन्याच्या पंधरवड्याआधी चाळून घ्यायला हवीत. शंभर चौरस फूट छपराला मंगलोरी कौले सुमारे १४० लागतात. म्हणजे एका वर्गाच्या दोन्ही पाख्यांचे मिळून सहाशे फूट धरले तर साडेआठशेच्या आसपास, आणि माकडांनी फोडलेली बदलायला शंभर जादा कौले शाळेत रचून ठेवलेली असावीत. नेमके हेच होत नाही. कौले फुटतात जुलैत, तेव्हा छपरावर चढायला माणूस मिळत नाही, आणि मुले बाके एका भिंतीला सरकवून बसतात. पत्र्याच्या शाळांचे दुखणे वेगळे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात शाळांचे पत्रे उडाले. पत्रा सहसा मध्ये फाटत नाही. पागोळीकडच्या आणि आढ्याकडच्या ओळीत हूक गंजलेले असतात, तिथून वारा आत शिरतो आणि रांगच्या रांग उचलतो. खाऱ्या हवेत साधे हूक थोड्याच वर्षांत गंजतात. गंज न धरणारे स्क्रू आणि रबरी वॉशर वापरावेत. कडेच्या ओळींत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा, मधल्या ओळींत एकाआड एक चालतो. गावात सुतार, फॅब्रिकेशनवाले, गवंडी हे बहुतेक त्याच शाळेचे माजी विद्यार्थी असतात. त्यांच्याकडून वर्गणी मागू नये. मेमधले दोन दिवस मागावेत, सामान शाळेने आणावे. छपरावरच्या माणसाला दोर आणि खाली एक माणूस एवढी काळजी मात्र घ्यावी.

संगणकांची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. मुंबईतल्या एखाद्या कंपनीने बदललेले दहा संगणक माजी विद्यार्थी आणून देतो, फीत कापली जाते, खोलीला कुलूप लागते. पहिल्या पावसाळ्यात खोली चार महिने बंद. सप्टेंबरात उघडली की कळफलकावर बुरशीची पांढरी साय, माऊसच्या तारा उंदरांनी कुरतडलेल्या, यूपीएसच्या बॅटऱ्या बसलेल्या. संगणक चालू ठेवणे हाच त्याला दमटपणापासून वाचवण्याचा मार्ग आहे. पावसाळ्यात रोज किमान अर्धा तास प्रत्येक यंत्र चालले पाहिजे, टेबल भिंतीपासून वीतभर पुढे हवे, गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग आणि नेटची तार दोन्ही काढायला हवे. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते. म्हणून आमचा आग्रह असा की वस्तू देणाऱ्याने वस्तूच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी, पाच वर्षे, देखभालीसाठी द्यावी. ते शक्य नसेल तर दहाऐवजी सहा संगणक द्यावेत आणि उरलेले पैसे देखभाल खात्यात ठेवावेत. शाळेनेही नको असलेली वस्तू नाकारायला शिकले पाहिजे. मुख्याध्यापक भिडेस्तव घेतात आणि मग अडगळीची खोली भरते.

पाचवी ते दहावीच्या हायस्कुलात मधल्या सुट्टीत एक दृश्य रोज दिसते. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत आहे. आठवीची मुले व्हरांड्यात ताट घेऊन बसतात आणि नववीतला, कदाचित त्याच घरातला थोरला भाऊ, सकाळी सातला भरलेला डबा उघडतो किंवा नळावर पाणी पिऊन मैदानात जातो. तीन-चार किलोमीटर चालत किंवा पहाटेच्या एसटीने आलेल्या मुलाला हे दुपारनंतर जाणवतेच. गाव इथे काय करू शकते ते हिशेबाने सांगतो. सहावी ते आठवीसाठी शासनाचे प्रमाण माणशी १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ असे आहे. तेच प्रमाण धरले तर नववी-दहावीच्या ४० मुलांना रोज सहा किलो तांदूळ, २०० दिवसांना १,२०० किलो. भात भरडून साधारण ६५ टक्के तांदूळ पडतो, म्हणजे साडेअठरा क्विंटल भात. पन्नास घरांनी दिवाळीनंतर प्रत्येकी ३७ किलो दिले की वर्षाचा तांदूळ झाला. डाळ, तेल, गॅस यांचा रोख खर्च मुंबई मंडळाने उचलावा. यात दोन ठिकाणी चुका होतात. एक, हे धान्य शासनाच्या साठ्यात मिसळले जाते. तसे करू नये, कोठी वेगळी आणि नोंदवही वेगळी ठेवावी, नाहीतर तपासणीत साठा जुळत नाही आणि मुख्याध्यापक अडकतात. दुसरे, स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर काम वाढते आणि मानधन तेच राहते. वाढीव मुलांमागे त्यांना वाढीव पैसे ठरवूनच सुरुवात करावी. अन्न वाढण्याआधी एका शिक्षकाने आणि एका पालकाने चाखून सही करण्याची पद्धत इथेही पाळावी.

पालक सभेला येत नाहीत, ही शिक्षकांची नेहमीची तक्रार. जुलैतल्या कामाच्या दिवशी अकरा वाजता बोलावल्यावर लावणी सोडून कोण येणार? कोळीवाड्यात नेमके उलटे: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा बाप घरी असतो, ऑगस्टनंतर तो समुद्रावर. बागायतीतल्या मजुरांना मार्च ते मे श्वास घ्यायला फुरसत नाही. रायगडातली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलगा नववीतूनच सुटतो. त्यांच्या पालकांशी बोलायचे तर ऑक्टोबरच्या आत, आणि मूल नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहील अशी सोय हातात घेऊनच. थोडक्यात, एक सभा सगळ्यांसाठी शाळेत घेण्यापेक्षा वर्षात दोनदा वाडीत जावे. कोळीवाड्यात जूनमध्ये, शेतीच्या वाड्यांत लावणी आटोपल्यावर ऑगस्टमध्ये, संध्याकाळी सातला, देवळात, सहाणेवर (पालखी बसते त्या चौथऱ्यावर), बौद्धवाडीत विहारात, मोहल्ल्यात जमातखान्यात, जिथे लोक एरवी बसतात तिथे. एका वर्गशिक्षकाने त्या वाडीतल्या मुलांच्या चाचण्यांचे गुण आणि हजेरी घेऊन जावे आणि पालकांना एकेकटे गाठून बोलावे. चारचौघांत गुण वाचून दाखवले तर पुढच्या वेळी त्या घरचे कोणी येत नाही.

समितीतही वाडीवार प्रतिनिधी हवा. शिक्षण हक्क कायद्यातल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे आहे, पण ही तरतूद आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी आहे, आणि अनुदानित खासगी शाळांत या समितीचे काम सल्ल्यापुरते ठेवले आहे. कोकणातली बरीच हायस्कुले अशीच अनुदानित आहेत. नववी-दहावीच्या पालकांना म्हणून खरा आधार पालक-शिक्षक संघाचाच. तिथे इतिवृत्त लिहिले जाते का, मागच्या सभेतले ठराव पुढच्या सभेत वाचले जातात का, एवढे दोन प्रश्न पालकांनी न चुकता विचारावेत.

एसटीचे वेळापत्रक हे एकट्या मुख्याध्यापकाच्या पत्राने बदलत नाही, असा सगळीकडचा अनुभव आहे. अर्ज मेच्या मध्यापर्यंत आगार व्यवस्थापकांकडे जावा. सोबत थांबावार मुलामुलींची संख्या, शाळा भरण्या-सुटण्याची वेळ, शनिवारच्या सकाळच्या शाळेची वेगळी वेळ आणि वाटेतल्या सर्व ग्रामपंचायतींचे ठराव जोडावेत. शनिवार बहुतेक अर्जांत राहून जातो आणि मुले अकराला सुटून संध्याकाळच्या गाडीची वाट बघत बसतात. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास आहे, मुलांना एक तृतीयांश भाड्यात. पण गाडीच नसेल तर पासाचा उपयोग नाही. गणपतीत जादा गाड्यांसाठी आगारातल्या बसेस वळवल्या जातात आणि आधी मार खातात त्या शाळेच्या फेऱ्या. सुट्टी सुरू होण्याआधीच्या आणि संपल्यानंतरच्या दोन दिवसांची लेखी हमी आधीच मागावी.

शिष्यवृत्तीत मुले पैसे मिळवूनही गमावतात. आठवीत होणाऱ्या एनएमएमएस (कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या) परीक्षेत निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. पण दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावे लागते. एक वर्ष चुकले की त्या वर्षाचे पैसे गेले. आधारवरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळत नाही, खाते आधारशी जोडलेले नाही, उत्पन्नाचा दाखला जुना झाला, ही तीन कारणे पुन्हा पुन्हा आढळतात. लॅपटॉप घेऊन दोन शनिवार शाळेत बसणारा एक माजी विद्यार्थी या कामात प्रवेशद्वाराच्या कमानीपेक्षा जास्त मोलाचा आहे. पोर्टल उघडल्यावर शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता पहिल्या पंधरवड्यात बसावे. तालुक्याला नेट असते आणि गावात टेकडीवर जावे लागते, हेही धरून ठेवावे.

मार्गदर्शनाच्या व्याख्यानांबद्दल थोडेच. मोठ्या हुद्द्यावरच्या एकाचे तासभर भाषण ठेवण्यापेक्षा नववीच्या मुलांना तीन-चार माजी विद्यार्थ्यांसमोर लहान गटांत बसवावे. परिचारिका, बोटीच्या इंजिनाचा मेकॅनिक, महावितरणचा लाइनमन, दापोलीच्या कृषी विद्यापीठातून पदविका घेतलेला बागायतदार. प्रत्येकाने वीस मिनिटांत सांगावे: कोणता अभ्यासक्रम, किती वर्षे, किती खर्च, पहिला पगार किती.

शिमगा आणि दहावीची परीक्षा एकत्र येतात, हे आपल्याकडचे खास संकट. २०२५ साली परीक्षा १७ मार्चपर्यंत होती आणि होळी १३ तारखेला. ग्रामस्थ आणि मानकऱ्यांनी पालखीचा फेरा ठरवताना दहावी-बारावीची मुले असलेल्या घरांची यादी समोर ठेवावी, त्या घरी पालखी दुपारी न्यावी, आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवावा. तो तसाही नियमाने बंदच असायला हवा. मुलांना पालखीपासून तोडायची गरज नाही, पेपरच्या आदल्या रात्रीची झोप मिळाली म्हणजे पुरे.

शेवटी सुरक्षिततेबद्दल, कारण बाहेरची माणसे शाळेत येणार म्हटल्यावर हे टाळता येत नाही. माजी विद्यार्थी असला तरी येणाऱ्याने नोंदवहीत सही करावी, मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी, आणि वर्गात शिक्षक हजर असल्याशिवाय मुलांसमोर उभे राहू नये. नियमित येणाऱ्याची पोलीस पडताळणी करून घ्यावी. पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याची माहिती त्यालाही द्यावी. मुलींचे फोन नंबर कोणाला देऊ नयेत आणि वस्तू वाटपाचे, हात पसरलेल्या मुलांचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. बूट मिळालेल्या मुलाला सगळ्या गावासमोर गरीब ठरवायचे काही कारण नाही. पावती आणि आभाराचे पत्र देणगीदाराला पुरते.

आपल्या दैनिकाला एक विनंती. गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यात तालुकावार पानावर शाळांच्या गरजांच्या अशा याद्या, रक्कम आणि महिन्यासह, छापाव्यात. मुंबईहून निघताना चाकरमान्याच्या हाती ती यादी पडली तर ऋषिपंचमीनंतरच्या सभेत चर्चेला कागद तयार असेल. मुख्याध्यापकांनी याद्या जुलैअखेर आपल्याकडे पाठवाव्यात, असे आवाहन आपण आताच करावे.

आपले,
माध्यमिक शाळांतील काही शिक्षक व पालक-शिक्षक संघांचे प्रतिनिधी,
जि. रत्नागिरी